सोळा चिंचोके

तुमच्या धाकट्या आजीची पाठ मी पहिल्यांदा पाहिली ती गेल्या दिवाळीनंतर, भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात. आम्ही दोघी जावा बेचाळीस वर्षं एका छपराखाली राहतो, पण पाठ कोण कोणाची पाहतं? डॉक्टरांनी तिचं पोलकं वर सरकवलं आणि मी खुर्चीवरून अर्धी उठले. कण्याच्या दोन्ही बाजूंना गोल डाग होते. वरचे जुने, पांढुरके, त्याखालचे तपकिरी, आणि अगदी कमरेशी, उजवीकडे, दोन ताजे, त्यांची खपलीसुद्धा निघाली नव्हती. मी मोजले. मोजण्याची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. नऊ होते.

क्रमाने सांगते, नाहीतर तुम्हा नातवंडांना तिकडे दूर बसून काहीच कळायचं नाही.

मी नागपूरची. कॉन्व्हेंटात शिकले, इंग्रजीत एम. ए. केलं आणि लग्न होऊन पवनीला आले. इथल्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. तुमची धाकटी आजी नदीपलीकडच्या खेड्यातली, चौथी शिकलेली. घर माझ्या हातात होतं तसं शेत तिच्या. रोवणीच्या दिवसांत वीस बायांबरोबर चिखलात वाकून भाताचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावायची आणि वर त्यांच्यावर देखरेखही करायची. आता दोघींचेही नवरे नाहीत. शेत ठेक्याने दिलंय. घरात आम्ही दोघीच.

तुमचे आजोबा आजारी होते तेव्हापासून मी घरात तब्येतीची वही ठेवते. दर रविवारी सकाळी दोघींचं वजन, रक्तदाब, औषधं आणि तक्रार. तक्रारीच्या रकान्यात माझ्या नावापुढे कधी सर्दी, कधी अपचन. तिच्या नावापुढे ‘ठीक’. वर्षानुवर्षं, दर रविवारी, माझ्याच अक्षरात, ‘ठीक’.

त्या दिवाळीत ती खाली बसून शंकरपाळे लाटत होती आणि उठताना अर्ध्यातच थांबली. एक हात भिंतीला, एक कमरेला. तोंडातून आवाज नाही. मी विचारलं तर म्हणाली, पायाला मुंग्या आल्या. मग मी लक्ष ठेवायला लागले. ती खाली बसतच नव्हती. तांदूळ निवडायला ओट्याशी उभी राहायची. अंथरुणावरून उठताना आधी कुशीवर वळायची आणि थोडा वेळ तशीच पडून राहायची. हे किती दिवसांचं, हे मला सांगता येईना. मी रोज तिच्यासमोर बसून चहा पीत होते.

आमच्या औषधाच्या दुकानदाराने सांगितलं की भंडाऱ्याला दुखण्याच्या डॉक्टर आल्या आहेत. मला हसू आलं. डॉक्टर दुखण्याचाच असतो, दुसऱ्या कशाचा? तो म्हणाला, तसं नाही मॅडम, बाकीचे रोग काढतात, या नुसतं दुखणं काढतात.

दवाखाना एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता. बाहेर वरठीच्या पोलाद कारखान्यातला एक कामगार मांडीवर हेल्मेट घेऊन बसला होता. मानेच्या दुखण्यासाठी तो तिसऱ्यांदा आला होता, आणि आता पुन्हा मोटरसायकल चालवायला लागलो म्हणून फार खूश होता. धाकट्या आजीला म्हणाला, भिऊ नका माय, ही बाई सुई टोचण्याच्या पहिले अर्धा घंटा नुसतं बोलते. त्यानेच माणूस अर्धा बरा होते.

मी घरून एक पान लिहून नेलं होतं, इंग्रजीत. रुग्णाचं वय, पूर्वीचे आजार, लक्षणं कधीपासून, चालू औषधं, सगळं मथळे देऊन. डॉक्टर चाळिशीच्या असतील, बारीक चणीच्या, केस घट्ट बांधलेले. त्यांनी पान शेवटपर्यंत वाचलं, ‘फार छान लिहिलंय मॅडम’ म्हणाल्या आणि ते काचेच्या गोळ्याखाली दाबून ठेवलं. मग खुर्ची फिरवून माझ्याकडे पूर्ण पाठ केली.

“सांगा मावशी, काय दुखून राहिलं तुमचं?”

मी थक्क झाले. इतकी शिकलेली बाई, आणि बोलत होती आमच्या शेतावरच्या बायांसारखं. धाकट्या आजीने सवयीने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाल्या, तिकडे नोका पाहू, मॅडमची कंबर नाही दुखत.

नंतरचा पाऊण तास मी दुसऱ्या कोणाची तरी हकिगत ऐकत होते. दुखणं अकरा वर्षांचं होतं. थंडीत जास्त. खाली बसलं की उठताना जीव जायचा. दुकानातून सुट्या गोळ्या आणायची आणि पदराच्या गाठीत ठेवायची. मला कळू नये म्हणून डाळीच्या डब्यातही ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी गोळ्यांचा रंग विचारला, आकार विचारला, आणि ताबडतोब रक्त तपासायला दिलं. मग तपासणीच्या टेबलावर तिला पालथं झोपवलं, आणि मी ते नऊ डाग पाहिले.

तुम्ही तिकडे वाढलात, म्हणून सांगायला हवं. आमच्या भागात पाठ किंवा गुडघा धरला की सळई तापवून कातडीवर डाग देणारी माणसं अजून आहेत. मी या प्रकाराविरुद्ध आयुष्यभर बोलत आले. दरवर्षी आठवीच्या वर्गात त्यावर भाषण द्यायची. एकदा आमच्याच अंगणात शेतगड्याला डाग द्यायला आलेल्या माणसाला मी सळईसकट हाकललं होतं. आणि माझ्या घरातली बाई, बहिणीकडे जाते असं सांगून, एस.टी.ने त्याच माणसाकडे जात होती.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. डॉक्टरांनी हात वर करून मला थांबवलं आणि तिलाच विचारलं, डागाने आराम पडला का? किती दिवस? कोणत्या डागाने जास्त पडला? एकेका डागावर बोट ठेवून विचारत गेल्या. त्यात रागही नव्हता, कीवही नव्हती. मला वाटलं, त्या आता तिला चांगलं सुनावतील. त्या म्हणाल्या, माझ्या पोटावर तीन आहेत. लहानपणी पोट फुगलं म्हणून माझ्याच आजीने दिले.

मग अंगठ्याने तिची कंबर चाचपत त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं. जणू दुसऱ्याच कोणाचं सांगत होत्या, अशा आवाजात. त्यांचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं, त्या मेडिकल कॉलेजात असताना. वडील मासेमारी करायचे. जाळं ओढून ओढून पाठ गेली. आधी डाग, मग दुकानातल्या सुट्या गोळ्या, दहा-बारा वर्षं. त्या गोळ्यांनी मूत्रपिंडं गेली. लेक डॉक्टर झाली तेव्हा पाठ बरी करायला बाप उरला नव्हता. त्या भूलतज्ज्ञ झाल्या. ऑपरेशनच्या टेबलावर माणसाचं दुखणं दोन तास घालवायचं आणि नंतर त्याला तसंच घरी पाठवायचं, हे त्यांना पटेना. म्हणून दक्षिणेत जाऊन पुन्हा शिकल्या: दुखणं कोणत्या नसेतून वर जातं ते शोधायचं आणि सुईने त्याच जागी पोचायचं. नागपुरात का थांबला नाहीत, असं मी विचारलं. म्हणाल्या, तिथे डॉक्टर जास्त, इकडे पाठी जास्त.

धाकटी आजी पालथी पडल्या पडल्या हसली. तिला हसताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

उपाय त्यांनी असा समजावला. मणक्यांच्या मागे छोटे सांधे असतात. दुखणं तिथून येत असेल तर त्या सांध्यांच्या बारीक नसा सुईच्या तापलेल्या टोकाने जाळून बंद करता येतात. वर्षभर किंवा जास्तही आराम पडतो. पण आधी खात्री करायची. त्यासाठी त्या नसांपाशी फक्त बधिर करणारं औषध सोडायचं आणि दुखणं किती उतरतं ते पाहायचं. उतरलं तर जागा बरोबर.

मी न राहवून म्हटलं, म्हणजे पुन्हा जाळायचंच?

“हो मॅडम, डागच. फक्त कुठे द्यायचा ते आम्ही आधी विचारतो.”

धाकट्या आजीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “बघा बाई, इंग्रजीतही डाग देतेत.”



चाचणीची सुई पुढच्या आठवड्यात झाली. सुई कुठे जाते ते दाखवणारं एक्स-रेचं मोठं कमानीसारखं यंत्र होतं, डॉक्टरांच्या अंगावर शिशाचा जड एप्रन होता, आणि मी काचेपलीकडे उभी होते. वीस मिनिटांत झालं. निघताना डॉक्टरांनी धाकट्या आजीच्या हातात स्टीलच्या दोन वाट्या आणि एक पुडी दिली. पुडीत सोळा चिंचोके. आमच्याकडे दुखणं अजून आण्यांत सांगतात, चार आणे फरक पडला, बारा आणे पडला, म्हणून सोळा. डावी वाटी दुखण्याची, उजवी आरामाची. सुरुवातीला सगळे डावीत. तासातासाने मनाला वाटेल तितके इकडून तिकडे करायचे, परत फिरवावेसे वाटले तर फिरवायचे. आणि मला बजावलं, मॅडम, त्यांचं त्यांना करू द्या. विचारू नका.

इथे माझी चूक झाली.

चिंचोके मला पोरखेळ वाटला. न शिकलेल्या लोकांसाठी काढलेली युक्ती. आमच्या घरात शिकलेलं माणूस होतं. मी पुडी टेबलाच्या खणात टाकली, वहीत तासांचे रकाने आखले आणि दुपारी बारापासून दर तासाला चष्मा लावून तिच्यासमोर उभी राहिले. आता किती आणे दुखतंय? तिने बारा सांगितलं. मग दहा. मग आठ. मला केवढा आनंद झाला. संध्याकाळी आठला ती दोनवर आली. मी आलेखाच्या कागदावर रेघ काढली, डावीकडून उजवीकडे सुरेख उतरत गेलेली, आणि फोटो काढून दवाखान्यात पाठवला. तिकडून उत्तर आलं, नसा जाळण्यासाठी पुढच्या गुरुवारी या.

त्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं, धाकट्या आजीचं चौदा आणे काम झालं. तुम्ही तिकडून टाळ्या वाजवल्या होत्या. ती शेजारी उभी राहून हसत होती. भिंतीला टेकून.

गुरुवारी डॉक्टरांनी आलेख मूळ कागदावर मागून घेतला. बराच वेळ पाहिला.

“इतका सुंदर आलेख आजवर कोणी आणून दिला नाही, मॅडम,” त्या म्हणाल्या. मी संकोचून काही बोलणार, तेवढ्यात पुढे म्हणाल्या, “म्हणूनच मला भीती वाटून राहिली.”

त्यांनी वाट्या कुठे आहेत विचारलं. मी वहीचं सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. मग म्हणाल्या, ते औषध चार-पाच तासांत उतरतं. ते उतरलं की दुखणं परत यायला पाहिजे. या कागदावर आठ तास ते कमीच होत गेलंय, पायऱ्या उतरल्यासारखं. सहसा असं होत नाही. मावशींशी मला एकटीला बोलायचंय.

म्हणजे मी बाहेर जायचं होतं. मुख्याध्यापिका असताना मी कित्येक पालकांना असं बाहेर बसवलं असेल. मी बाकावर बसले. दार नीट लागत नव्हतं आणि मी उठून दूर गेले नाही, हे कबूल करते.

डॉक्टरांनी विचारलं, वही कोणाची? बाईची, ती म्हणाली. आणि त्यातले आकडे?

“तेही बाईचेच समजा.”  मग ती म्हणाली, “ती दर घंट्याले येऊन विचारे. कमी झालं म्हटलं की तिचा चेहरा असा फुलून जाये. मंग मी कमी करत गेली. एवढ्या दुरून गाडी करून आणलं तिनं मले. नाही कसं म्हणू?”

“खरं किती उतरलं होतं?”

“काहीच नाही. कंबर तशीच होती.”

बाकावर माझ्या शेजारी कोणीतरी मला पाणी हवं का विचारत होतं. मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही.

मला आत बोलावलं तेव्हा धाकटी आजी जमिनीकडे पाहत होती, जशी वर्गात चोरी पकडलेली मुलगी. डॉक्टर म्हणाल्या, आज डाग नाही. आज दिला असता तर चांगल्या नसा जळाल्या असत्या, दुखणं तिथेच राहिलं असतं, आणि मावशी घरी येऊन तुम्हाला म्हणाल्या असत्या, बरं वाटतं.

एवढंच. मला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनी तिला उभं केलं आणि म्हटलं, एका बोटाने दाखवा, फक्त एका. तिने बोट ठेवलं ते कण्यावर नाही, त्याच्या खाली उजवीकडे, बसायच्या हाडाच्या वर. त्या दोन ताज्या डागांच्या बरोबर मध्ये. पहिल्या दिवशीही सगळ्यात जास्त आराम तिने याच डागांचा सांगितला होता. तेव्हाच मी ऐकायला हवं होतं, असं डॉक्टर स्वतःशीच पुटपुटल्या. पाठीचा कणा आणि कमरेचं हाड जिथे जुळतात तिथला सांधा असावा, आज तिथे चाचणीची सुई देऊ.

सुई घेऊन परतताना गाडीत मी मैलाचे दगड मोजत बसले. शेवटी माझ्या तोंडून निघालं, “काहून सांगितलं नाहीस मला?” बेचाळीस वर्षांत मी ‘का’ऐवजी तिचं ‘काहून’ कधी म्हटलं नव्हतं. तिच्या लक्षात आलं, पण ती हसली नाही.

“तुम्ही आठवीच्या पोरांले डागावर भाषण देत होत्या, तवा मी डबा घेऊन आली होती शाळेत. मागच्या दाराशी उभी राहून ऐकलं. पोरांसंग टाळ्या वाजवल्या मी पण. दुसऱ्या दिवशी पयला डाग घ्यायले जायाचं होतं मले.” खिडकीबाहेर पाहत पुढे म्हणाली, “आणि दुखते म्हटलं की तुम्ही वही काढता, बाई.”

त्या दिवशी वाट्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवल्या. मी तिकडे पाहायचं नाही असं ठरलं आणि मी बैठकीत वर्तमानपत्र घेऊन बसले. एकच बातमी चार वेळा वाचली. आतून मधूनमधून चिंचोके वाटीत पडल्याचा बारीक आवाज येत होता. किती पडले ते मोजू नये म्हणून मी रेडिओ लावला. तासाभराने पाणी प्यायला म्हणून आत गेले. ती जमिनीवर बसली होती. भिंतीला न टेकता, मांडी घालून, तांदूळ निवडत. डाव्या वाटीत तीन चिंचोके होते.

सूर्य कलला तसा आतून पुन्हा आवाज यायला लागला. या वेळी उलट्या दिशेने. दिवे लागायच्या सुमारास ती कमरेला हात लावून, सावकाश, दारात येऊन उभी राहिली. चेहरा मात्र लखलखत होता.

“दुखणं वापस आलं बाई. तेराच्या तेरा वापस टाकले.”

तिच्या दुखण्याबद्दल तिने मला आपणहून सांगितलेली ही पहिली गोष्ट. मी उठून चहा ठेवला. आमच्या घरात संध्याकाळचा चहा तीच ठेवते. तिने अडवलं नाही, पाटावर न बसता खुर्चीवर बसली आणि म्हणाली, साखर जरा जास्त टाका.

खरा उपाय त्यानंतर दोन वेळा जाऊन झाला, योग्य जागी. आता तिचे कधी चार चिंचोके डावीत असतात, कधी सहा. थंडीच्या सकाळी जास्त. सगळे उजवीत कधीच नसतात. डॉक्टरांनी तसं वचनही दिलं नव्हतं. सुट्या गोळ्या बंद आहेत, रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. तब्येतीची वही मी चालू ठेवली आहे, पण त्यात फक्त वजन आणि रक्तदाब. तक्रारीचा रकाना मी आखतच नाही.

गेल्या रविवारी तुमच्याशी बोलून फोन ठेवला आणि आत गेले. नेहमीप्रमाणे तुम्ही विचारलं होतं, आजी, तू कशी आहेस, आणि नेहमीप्रमाणे मी सांगितलं होतं, ठीक. फळीवर तिच्या दोन वाट्यांशेजारी आणखी दोन वाट्या होत्या. नव्या, घासून ठेवलेल्या. डावीत सोळा चिंचोके.

मी विचारलं, या कोणाच्या?

“तुमच्या उजव्या गुडघ्याच्या,” ती भाजी चिरता चिरता म्हणाली. “तीन वर्षं झाले, जिना उतरताना आधी डावा पाय टाकत नाही तुम्ही.”

मी हे कोणालाही सांगितलेलं नव्हतं. वहीत लिहिलं नव्हतं, डॉक्टरला सांगितलं नव्हतं, तुमच्या वडिलांनाही नाही.  तिने पाठ फिरवली, भाजीची ताटली उचलली आणि मागच्या अंगणात निघून गेली, मुद्दाम, मला समजत होतं.

मी डाव्या वाटीतून नऊ चिंचोके उचलले आणि उजवीत टाकले. मग थोडा विचार केला आणि दोन परत डावीत ठेवले.